वाडीचं पाणी पडत नाही, चढतं!

जुलै उजाडला की होस्टेलवर एकच विषय असतो, धबधबा! राधानगरीचा राऊतवाडी, शाहूवाडीतला बर्की, साताऱ्याचं ठोसेघर, नाहीतर थेट आंबोली. कोणाची गाडी, कोणाचं पेट्रोल, मेसचा डबा की वाटेत वडापाव, यावर रात्री दोनपर्यंत चर्चा रंगते. अशाच एका चर्चेत मी म्हटलं, "यंदा नरसोबाच्या वाडीला जाऊ. दक्षिणद्वार होईल असं दिसतंय." त्यावर विदर्भातून आलेला आमचा रूममेट म्हणाला, "वाडीला धबधबा आहे का रे?"

सगळे हसले. पण मला तो प्रश्न बिनकामाचा वाटला नाही. वाडीला धबधबा नाही, आणि धबधबा नाही म्हणूनच वाडीला ते पाणी दिसतं जे बघायला लोक लांबलांबून येतात. शिरोळ तालुक्यात घर असल्याने हे पाणी मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामागचं शास्त्र मात्र सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स शिकलो तेव्हा कळलं. सिव्हिलवाल्यांना यातलं बरंच पाठ असेल, बाकीच्या मित्रांसाठी आणि मेसमधल्या मावशी-मामांसाठीही सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

दक्षिणद्वार म्हणजे काय?

नृसिंहवाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं गाव. सांगलीकडून, म्हणजे उत्तरेकडून, कृष्णा येते. कोल्हापूर-इचलकरंजीकडून, म्हणजे पश्चिमेकडून, पंचगंगा येते. दोन्ही नद्यांच्या बेचक्यात वाडी वसली आहे. पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड, कृष्णेपलीकडे औरवाड. श्रीनृसिंह सरस्वतींनी इथे बारा वर्षं वास्तव्य केलं असं परंपरा सांगते. त्यांच्या मनोहर पादुका औदुंबराखाली, कृष्णेच्या घाटावरच्या मंदिरात आहेत. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गाव वर आहे आणि मंदिर खाली, नदीच्या अंगाला. आपल्याकडे देऊळ साधारणपणे उंचावर बांधतात. वाडीला उलटं आहे. देवाला भेटायला पायऱ्या उतरून जावं लागतं.

पावसाळ्यात कृष्णा फुगली की पाणी घाटाच्या एकेक पायरीवर चढत मंदिरापर्यंत येतं. उत्तरेच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. या दक्षिण दारापाशी स्नान करणं मोठं पुण्याचं मानतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी वाढत असताना झाला तर 'चढता दक्षिणद्वार' आणि पूर ओसरताना झाला तर 'उतरता दक्षिणद्वार'. पाणी आणखी चढलं तर मंदिरच बुडतं, मग स्नान नाही. म्हणजे सोहळ्यासाठी पाण्याची पातळी एका ठरावीक पट्ट्यातच असावी लागते. थोडं कमी असेल तर पादुकांना पाणी लागत नाही, थोडं जास्त झालं तर उभं राहता येत नाही. कधी हा योग मध्यरात्री येतो, कधी पहाटे. फोन खणखणतात आणि इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगलीची मंडळी मिळेल त्या गाडीने निघतात.

देवस्थानची माणसं तोवर कामाला लागलेली असतात. श्रींची उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, पूजाअर्चा तिथे चालू राहते. पाणी आणखीच वाढलं तर मुक्काम त्याहून वर हलतो. घाटावरचे दुकानदार पेढ्यांचे, फुलांचे, प्रसादाचे गाळे उचलून गावात आणतात. कोणी आरडाओरडा करत नाही. दरवर्षीचंच काम. असं का चालतं? कारण वाडीचं पाणी अंगावर येत नाही. ते सांगून येतं, इंचाइंचाने येतं. आणि याचं कारण दडलंय उतारात.

उतार संपला, गोष्ट सुरू

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर उंचीवर. तिथून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटर. पण ही नदी समुद्राकडे पाठ फिरवते आणि उलट्या दिशेला साधारण १४०० किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सुरुवातीची सगळी उंची ती पहिल्या टप्प्यातच, सह्याद्री उतरताना खर्च करून टाकते. पंचगंगेचंही तसंच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या तिच्या नद्या (पाचवी सरस्वती, गुप्त!) घाटमाथ्यावरून खाली येतात आणि कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला एकत्र होतात. राऊतवाडी, बर्की हे सगळे धबधबे याच वरच्या टप्प्यातले. म्हणजे आपण ज्या धबधब्याखाली भिजून फोटो काढतो, तेच पाणी पुढे वाडीला येतं. फक्त वाडीला पोचेपर्यंत त्याच्याजवळ उतार शिल्लक नसतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घरून आलेले पैसे उडवून उरलेले तीन आठवडे रेटणाऱ्या आपल्यासारखीच त्याची अवस्था!

पावसाचंही गणित असंच विषम आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात पाचशेच्या आसपास. म्हणून वाडीला पूर येतो तेव्हा पुष्कळदा वाडीत ऊन असतं. आकाश कोरडं, रस्ता कोरडा आणि घाटावर पाणी चढतंय! बाहेरच्या माणसाला हे बघून चक्रावायला होतं. आमच्याकडची म्हातारी माणसं मात्र आभाळाकडे बघतच नाहीत. ती विचारतात, "बावड्याला किती पडला? राधानगरीचे दरवाजे उघडले काय?"

धबधबा म्हणजे इंजिनिअरच्या दृष्टीने उंचीतला फरक. समजा, सेकंदाला १०० घनमीटर पाणी ५० मीटरवरून पडतंय. पाण्याची घनता, गुरुत्वाकर्षण, प्रवाह आणि उंची यांचा गुणाकार केला तर साधारण ४९ मेगावॅट शक्ती होते. ही उंची वापरून आपल्या शेजारीच, बेळगाव जिल्ह्यात, गोकाकच्या धबधब्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरणी उभी राहिली. तिथे घटप्रभा नदी साधारण ५२ मीटर खाली उडी घेते. ही घटप्रभासुद्धा कृष्णेचीच उपनदी बरं का. एकाच घरातल्या दोघी. एकीकडे उंची आहे, तिथे गिरणी झाली. दुसरीकडे उंची नाही, तिथे तीर्थ झालं आणि महापूरही झाला.

मॅनिंगसाहेब काय सांगतात

रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनिअरने १८८९ साली उघड्या प्रवाहाच्या वेगाचं एक सूत्र मांडलं. परीक्षेला ते हमखास येतं. त्याचं सार असं: पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आता घाटात उतार शंभरात एक आहे असं समजा आणि सपाटीवर दहा हजारात एक, म्हणजे दहा किलोमीटरला फक्त एक मीटर. उतार शंभर पटीने कमी झाला. शंभराचं वर्गमूळ दहा. म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तर वेग दहावा हिस्सा उरला.

पण वरून येणारं पाणी काही कमी होत नाही. प्रवाह म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग. वेग घटला की क्षेत्रफळ वाढायलाच हवं. नदी काय करणार? आधी पात्रात वर चढते, पात्र पुरलं नाही की बाहेर पसरते. मळीत, उसात, रस्त्यावर, मग घरात. हा नदीचा राग नाही आणि कोप तर नाहीच. हा साधा गुणाकार आहे.

मोरी तुंबते ती का?

उतार कमी असला तरी एकटी नदी कसंबसं निभावून नेते. वाडीला दोन नद्या आहेत, आणि खरी गंमत इथे आहे.

आपल्या होस्टेलमध्ये सकाळी साडेसातला काय होतं ते आठवा. वरच्या दोन्ही मजल्यांवर सगळे एकदम अंघोळीला जातात. सगळ्यांचं पाणी एकाच उभ्या पाइपात येतं, आणि तळमजल्यावरच्या बिचाऱ्याने नळही सोडलेला नसतो तरी त्याच्या मोरीतून पाणी वर येतं! खालचा पाइप भरून वाहतोय, म्हणून बाजूच्या पाण्याला आत शिरायला जागा मिळत नाही. ते मागे सरकतं आणि साचतं. यालाच फुगवटा म्हणतात. आमच्या गावाकडे म्हणतात, "नदीला फुग आलीय."

संगमावर नेमकं हेच होतं. कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेला वाट मिळत नाही. मग ती कुरुंदवाड, तेरवाड, इचलकरंजीपर्यंत मागे फुगत जाते. पंचगंगा जोरात असेल तर ती कृष्णेला अडवते. मंदिर कृष्णेच्या काठावर आहे आणि संगम तिथून थोडासाच खाली, त्यामुळे मंदिरात येणारं पाणी कृष्णेचं असलं तरी ते किती चढणार हे पंचगंगाही ठरवते. त्यात कृष्णा काही एकटी येत नाही. कराडला कोयना तिला मिळालेली असते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळालेली असते. वाडीच्या खाली राजापूरचा बंधारा, मग कर्नाटक. तिथे दूधगंगा येते, पुढे हिप्परगीचा बंधारा आणि नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरांहून अधिक गेल्यावर अलमट्टी धरण. एवढ्या नद्यांची सकाळची साडेसातची वेळ एकदम जुळून आली की काय होतं, ते २००५, २०१९ आणि २०२१ साली आपण पाहिलं.

इंचाइंचाने का चढतं?

आता आकडेमोड करू. पेपरात रोज 'क्युसेक' आणि 'टीएमसी' वाचतो, पण अंदाज येत नाही. एक लाख क्युसेक प्रवाह पूर्ण एक दिवस वाहिला तर ८.६४ टीएमसी पाणी होतं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाची पूर्ण साठवण ८.३६ टीएमसी आहे. म्हणजे एक लाख क्युसेकने वाहणारी नदी एका दिवसात राधानगरीपेक्षा थोडं जास्तच पाणी नेते. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी. ती गोष्टच वेगळी.

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. बटण नाही, मोटर नाही. मेकॅनिकलच्या मुलांनी एकदा तरी जाऊन बघावेत. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, सातही उघडले तर साधारण दहा हजार.

आता वाडीकडे या. समजा, वाडीच्या परिसरात जेवढं पाणी येतंय त्यापेक्षा पन्नास हजार क्युसेक कमी पाणी बाहेर जातंय. दिवसभरात ४.३२ टीएमसी पाणी साचलं. एक टीएमसी पाणी एक मीटर खोलीने पसरलं तर सुमारे २८ चौरस किलोमीटर जागा व्यापतं. म्हणजे आपलं पाणी साधारण १२२ चौरस किलोमीटरवर एक मीटर चढेल. दिवसाला एक मीटर म्हणजे तासाला चार सेंटिमीटर, साधारण दीड इंच. हे फक्त उदाहरण आहे, प्रत्यक्षात पातळी कधी भरभर वाढते, कधी तासन् तास थबकते. पण 'पाणी इंचाइंचाने चढतं' हे गावातलं वाक्य कुठून आलं ते यातून कळतं. पसरायला जागा अफाट, म्हणून चढण सावकाश.

या सावकाशीला दोन बाजू आहेत. एक चांगली. माणसाला पळायला वेळ मिळतो, जनावरं सोडता येतात, देवाची मूर्ती शांतपणे वर नेता येते. दुसरी वाईट. जे सावकाश चढतं ते सावकाशच उतरतं. धबधब्याचं पाणी क्षणात निघून जातं. आमच्याकडचं पाणी दिवसच्या दिवस बसून राहतं. उसाच्या शेंड्यात पाणी गेलं की तो कुजतो, मातीच्या भिंती भिजून बसतात, विहिरी खराब होतात.

भिंतीवरची रेघ

आमच्या घरात सोप्याच्या भिंतीवर आजीने कोळशाने एक रेघ ओढून ठेवली होती. २००५ च्या पुराची. घरातलं सगळं शहाणपण त्या रेघेत होतं. धान्याची पोती, ट्रंका, माझी पुस्तकं, सगळं तिच्या वर. "एवढ्यापर्यंत आलंतं, ह्याच्यावर काय येत न्हाई," असं आजी छातीठोक सांगायची.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्या रेघेपर्यंत आलं, आणि थांबलं नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ती ५५ फुटांच्या वर होती, तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ काही दिवस बंद पडला. शिरोळ तालुक्यात एनडीआरएफ, लष्कर, नौदल यांच्या बोटी फिरल्या. आम्ही वेळेवर निघालो होतो म्हणून माणसं आणि जनावरं वाचली. पोती मात्र गेली. परत आलो तेव्हा रेघ पुसून गेली होती, तिच्या बऱ्याच वर गाळाची नवी ओळ दिसत होती. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी ५६ फुटांच्या वर गेली, म्हणजे २०१९ पेक्षाही वर.

आजीची चूक नव्हती. त्या भागातल्या शेकडो घरांनी २००५ हीच कमाल धरली होती. आपण सगळेच पाहिलेल्यातलं सगळ्यात मोठं ते शेवटचं मानतो. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की नव्व्याण्णव वर्षं सुट्टी, असा नाही. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. फासा टाकताना एकदा सहा पडले म्हणून पुढच्या वेळी सहा पडणार नाहीत असं थोडंच आहे?

अलमट्टीचा वाद, थोडक्यात

पूर आला की चहाच्या टपरीवर पहिलं नाव निघतं अलमट्टीचं. वाद समजून घ्यायला मघाची मोरी पुरेशी आहे. खाली पाणी अडलं की वर फुगवटा येतो, आणि उतार जितका कमी तितका तो लांबवर जातो. अलमट्टीची सध्याची पूर्ण साठवण पातळी ५१९.६० मीटर. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात मान्यता दिली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. पण कोल्हापूर-सांगलीतल्या लोकांची भीती गेलेली नाही, आणि २०२५ साली उंची वाढवण्याचा विषय पुन्हा तापला.

मी सेकंड इयरचा विद्यार्थी, निकाल देणारा कोण? पण एवढं नक्की सांगता येतं की प्रश्न फक्त भिंतीच्या उंचीचा नाही. ऑगस्टच्या ऐन पावसात धरणात पाणी कोणत्या पातळीला ठेवलं आहे, आणि वरून येणाऱ्या प्रवाहाइतकं पाणी खाली वेळेवर सोडलं जातंय का, हे तितकंच महत्त्वाचं. तेच कोयनेला आणि राधानगरीला लागू आहे. दोन राज्यांच्या इंजिनिअरांनी रोज एकमेकांशी बोलणं हा इथे पुराचा उपायच आहे.

जगात आणखी कुठे?

हे फक्त आपल्याकडेच असतं असं नाही. पश्चिम आफ्रिकेतली नायजर नदी बघा. गिनीच्या डोंगरात, अटलांटिक समुद्रापासून अवघ्या २४० किलोमीटरवर ती जन्मते आणि कृष्णेसारखीच समुद्राकडे पाठ फिरवून साधारण ४१८० किलोमीटरचा वळसा घेते. डोंगरातली उंची संपली की माली देशात ती इतकी सपाट होते की अफाट मैदानात पसरून जाते. तिथे मोप्ती नावाचं गाव नायजर आणि बानी या दोन नद्यांच्या संगमावर आहे, अगदी वाडीसारखं. जवळच जेन्ने हे मातीच्या मोठ्या मशिदीसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. पुराच्या दिवसांत त्याचं बेट होतं. डोंगरात पडलेलं पाणी तिथे इतकं सावकाश पोचतं की पाऊस संपल्यावर पूर भरतो. तिथली माणसं त्याच पुराच्या हिशोबाने भात लावतात, मासे धरतात, गुरं हलवतात आणि घरं उंचवट्यावर बांधतात. पाणी येणार हे गृहीत धरून गाव बसवलंय.

पाण्याला दार ठेवा

इथे मला पुन्हा वाडीचं मंदिर आठवतं. पुराच्या वाटेत बांधलेली ही वास्तू शतकानुशतकं टिकली कशी? श्रद्धेचं उत्तर आहेच. पण इंजिनिअरिंगच्या नजरेने बघितलं तर दिसतं की हे बांधकाम दगडाचं आहे, आणि उत्तरेकडून आलेलं पाणी दक्षिणेकडून निघून जाईल अशी वाट त्यात आहे. आत आणि बाहेर पाणी एकाच पातळीला आलं की भिंतीवर एका बाजूने दाब राहत नाही. हलणाऱ्या वस्तू वर नेतात, न हलणाऱ्या भिजू देतात. वस्ती उंचावर. पाण्याशी कुस्ती खेळायची नाही, त्याला दार द्यायचं.

हेच तत्त्व कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात आहे, जो आपल्या जिल्ह्याने राज्याला दिला. पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्याचे बरगे काढून ठेवतात, नुसते खांब उरतात आणि पुराचं पाणी मधून निघून जातं. पाऊस संपला की बरगे घालून पाणी अडवतात.

याच्या उलट आपण हल्ली काय करतो? पूल करताना दोन्ही बाजूंना मातीचा उंच भराव टाकतो. पाणी जिथे पाचशे मीटर रुंद पसरून जायचं, तिथे त्याला पुलाखालचीच वाट उरते. सपाटीवर अर्धा फूट फुगवटा म्हणजे मागे कित्येक शेतं. शिरोलीजवळच्या महामार्गाचा भराव काढून तिथे खांबांवरचा पूल करा, ही मागणी २०१९ नंतर सतत होते आहे ती यामुळेच. निळ्या रेषेच्या आत भर टाकून पाडलेले प्लॉट ही त्याचीच दुसरी तऱ्हा. घाटात जिथे भरपूर उतार आहे तिथे असला अडथळा नदी मनावर घेणार नाही. वाडीच्या आसपास उतारच नाही, म्हणून इथे प्रत्येक ट्रॉली मुरूम मोजला जातो. आणि मित्रांनो, दहा वर्षांनी हे भराव आणि हे पूल आपल्यापैकीच कोणीतरी डिझाइन करणार आहे.

तर या पावसाळ्यात एकदा वाडीला या. जयसिंगपूरपर्यंत रेल्वे आहे, तिथून आणि सांगली-कोल्हापूरहून एसटी आहे. पाणी कमी असेल तर घाटाच्या पायऱ्या मोजा, मंदिराची दोन्ही दारं बघा, संगमावर जाऊन दोन नद्यांच्या पाण्याचा रंग बघा. दक्षिणद्वार असेल तर रांगेत उभे राहा, देवस्थानचे लोक सांगतील तेवढंच पुढे जा, आणि सेल्फीसाठी काठ सोडू नका, कारण इंचाइंचाने चढणाऱ्या पाण्यातही ओढ असते. येताना बासुंदी, कवठाची बर्फी आणि रूमवर सगळ्यांसाठी कंदी पेढे.

आणि हो, आमच्याकडे या. सोप्याच्या भिंतीवर आजीने नवी रेघ ओढली आहे, २०१९ ची. पण पोती आता तिच्याही वर, माळ्यावर असतात. आजी म्हणते, "रेघ आपली, पाणी न्हवं."